सामाजिक रचनावाद: १९६१ च्या गोव्यावर लावून बघायचा तर नेमका कसा?

तिसवाडीकर

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या कुठल्याही मराठी नोट्स उघडा, सामाजिक रचनावादाला (राष्ट्रांचं वागणं नुसत्या बळाने नव्हे, तर सामायिक कल्पना, संकेत आणि 'आम्ही कोण' या ओळखीने घडतं, असं सांगणारा सिद्धांत) दीड पान मिळालेलं असतं. अलेक्झांडर वेंट, १९९२ चा लेख, 'अराजक म्हणजे राष्ट्रं त्याचं जे करतील ते', आणि खाली वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद असा तीन रकान्यांचा तक्ता. तक्ता पाठ केला की मार्क मिळतात. पण या सिद्धांताने एक घटना उलगडून दाखवा म्हटलं की सगळ्यांची दातखीळ बसते.

घरचंच उदाहरण घेऊ. १७ ते १९ डिसेंबर १९६१, ऑपरेशन विजय. प्रश्न दोन:

१. इथे रचनावादाने असं काय कळतं जे सैन्य मोजून कळत नाही?
२. एमएच्या लघुप्रबंधात हे करायचं तर कुठली कागदपत्रं वाचायची, त्यांत काय शोधायचं, कुठे घसरायला होतं?

'सिद्धांत निरुपयोगी असतात' छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

दर्यावर्दी

पहिल्याचं उत्तर: काहीही नाही. इकडे भारताच्या तिन्ही दलांची फौज, तिकडे पोर्तुगिजांचे मोजून तीन-चार हजार सैनिक, मदत यायची तर लिस्बनहून. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने शेवटपर्यंत लढायला सांगितलं होतं, गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वाने दोन दिवसांत शरणागती पत्करली. सुरक्षा परिषदेत रशियाचा व्हेटो. यात विचार, अस्मिता, संकेत कुठून आणले?

फेरीबोट

पॉपकॉर्न नको, भाजलेल्या काजूबिया घेऊन बसतो.

आबोली

दर्यावर्दी, फौज तर १९४७ लाही पोर्तुगालपेक्षा मोठीच होती. मग चौदा वर्षं थांबायचं कारण काय? २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने पहिलं औपचारिक टिपण पाठवलं, जून १९५३ मध्ये लिस्बनमधली वकिलात बंद केली, १९५५ ला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, नाकेबंदी आली. तरीही सैन्य हललं नाही. बळाचं पारडं तेच आणि वागणं वेगळं, म्हणजे फरक दुसरीकडे आहे.

तो दोन जागी दिसतो. एक, भारताने स्वतःची जी ओळख जगापुढे ठेवली होती ती: शांततेने प्रश्न सोडवणारा देश, १९५४ चं पंचशील. ती मोडायची किंमत होती. दोन, 'वसाहत ठेवणं' याचा अर्थच त्या काळात बदलत होता. १९४७ ला साम्राज्य असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, १९६० ला ती सफाई द्यायची गोष्ट झाली.

दर्यावर्दी

किंवा फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती, मुंबईतून कृष्ण मेनन उभे होते आणि चीनच्या सीमेवर सरकारची नाचक्की चालू होती. याला ओळख वगैरे म्हणायची गरज नाही, साधं राजकारण म्हणा.

फोंड्याचा_मास्तर

दोघेही थोडे बरोबर आहात. पण मूळ प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलाय. सैन्य का जिंकलं हे रचनावादाला विचारायचंच नाही, ते दर्यावर्दींना विचारा. रचनावादाला विचारायचं ते हे: दुसऱ्या राष्ट्राच्या ताब्यातल्या भूभागावर सैन्य नेलं, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या कलम २(४) मध्ये बळाचा वापर निषिद्ध आहे, तरी 'आक्रमण' हे नाव भारताला चिकटलं का नाही?

आता तपशील. १८ डिसेंबर १९६१, सुरक्षा परिषद, अकरा सदस्य. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव मांडला: ताबडतोब युद्ध थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने ७, विरोधात ४. विरोधकांत सोव्हिएत युनियनबरोबर सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). यातलं एकच मत नकाराधिकाराचं, हे खरं. पण परिषदेतले आशिया-आफ्रिकेचे हे तिन्ही देश एका बाजूला गेले, ते रशियाने सांगितलं म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःचा वेगळा ठराव आणला होता, पोर्तुगालने वसाहती सोडाव्यात असा. तो ४ विरुद्ध ७ असा पडला.

याहून बोलकी गोष्ट पुढची. व्हेटोने अडलेला विषय आमसभेत नेता येतो, १९५० पासून ती वाट उघडी होती. अमेरिकेचे प्रतिनिधी अडलाय स्टीव्हन्सन यांनी परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाच्या मरणापर्यंत भाषा नेली, पण प्रकरण आमसभेत गेलं नाही. तिथे व्हेटो नव्हता. तिथे होतं मतांचं गणित, आणि ते गणित कशाने बदललं ते बघा: १४ डिसेंबर १९६०, आमसभेचा ठराव १५१४, वसाहतवाद संपवा. बाजूने ८९, विरोधात शून्य, तटस्थ ९. पोर्तुगालसुद्धा 'नाही' म्हणू शकला नाही, तटस्थ राहिला. एखादी रीत जमली आहे की नाही हे असं ओळखतात. मोडणाऱ्यालाही उघड विरोध करायची लाज वाटते.

कुळागर

+१. वाचनखूण साठवली.

घाटावरचा

मला एक कळत नाही. रचनावाद की संरचनावाद? दोन पुस्तकांत दोन शब्द. आणि नॉर्मला कोणी मानदंड म्हणतं, कोणी संकेत, कोणी प्रमाणक. गोव्यात काय म्हणतात?

फेरीबोट

गोव्यात 'अशेंच आसता' म्हणतात. नॉर्म.

फोंड्याचा_मास्तर

फेरीबोट विनोदात बरोबर बोलले.

घाटावरचा, संरचनावाद हा भाषाशास्त्र-मानववंशशास्त्रातला वेगळा पंथ. इथे जग 'रचलं' जातं यावर भर आहे, म्हणून रचनावाद. आंतरराष्ट्रीय संबंधांत हा शब्द निकोलस ओनफने १९८९ मध्ये आणला, वेंटने नव्हे, परीक्षेत हे हमखास चुकतं. नॉर्मला मी 'संकेत' वापरतो. मानदंड म्हटलं की मोजपट्टी आठवते. संकेतात 'अमक्याने अमकं वागायचं असतं' ही अपेक्षा येते, आणि व्याख्या तीच आहे: विशिष्ट ओळख असणाऱ्याने योग्य वागणं कोणतं याची सामायिक अपेक्षा.

'अराजक' शब्दाने मात्र पोरांचा घात होतो. मराठीत अराजक म्हणजे बजबजपुरी. इथे अर्थ एवढाच की राष्ट्रांच्या डोक्यावर राजा नाही. बजबजपुरी असेल किंवा नसेल. वेंट १९९९ च्या पुस्तकात तीन तऱ्हा सांगतो: शत्रुत्वाची हॉब्जची, स्पर्धेची लॉकची, मैत्रीची कांटची. तिन्हींत राजा नाहीच.

खाजन

राजा नसून चालणारी व्यवस्था बघायची तर खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध बघा. मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या झडपेचं) दार कधी उघडायचं, कधी पाडायचं, हे चुकलं तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात.

दर्यावर्दी

तिथे गावकारीचा, म्हणजे गावच्या सामूहिक कारभाराचा, दंड होता हो. दंड म्हणजे बळ.

आबोली

दंड कोणी ठरवला? :)

मार्च आणि ओल्सेन या अभ्यासकांनी मांडलेली तर्कांची एक जोडी इथे कामाची आहे. माणूस 'याने मला काय मिळेल' असं विचारून वागतो, तो परिणामांचा तर्क. 'माझ्यासारख्याने इथे काय करायचं असतं' असं विचारून वागतो, तो उचिततेचा तर्क. चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची आरास) बांधताना कोणी नफातोटा मांडत नाही. चवथ आहे, माटोळी असायचीच.

फेरीबोट

माटोळी स्पर्धेचं बक्षीस जाहीर झाल्यापासून मांडतात. दुर्मीळ फळासाठी रानात मारामारी. परिणामांचा तर्क जिंकला.

आबोली

हाहाहा, हे उदाहरण मी वर्गात वापरणार. आणि यातच खरी अडचण आहे: बाहेरून बघताना दोन्ही तर्कांची माटोळी सारखीच दिसते. वागणुकीवरून हेतू ओळखता येत नाही. तिसवाडीकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच.

खाजन

थोडं अवांतर, पण मराठी माणसाला आवडेल. दादरा-नगरहवेली हे पोर्तुगीज तुकडे चहूबाजूंनी भारताने वेढलेले, तिथे जायच्या वाटेवरून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. निकाल १२ एप्रिल १९६०. पोर्तुगालचा आधार होता १७७९ चा पुण्याचा करार आणि पेशवाईतल्या १७८३ व १७८५ च्या सनदा. प्रश्न पडला की मराठ्यांनी दिलं काय? सार्वभौमत्व की नुसता महसूल? उत्तर: जहागीर, सरंजाम. महसुलापुरती देणगी, परत घेता येणारी. म्हणजे हेगमधले न्यायाधीश 'सरंजाम' या शब्दाचा अर्थ लावत बसले होते.

मजा पुढे. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नाही असं ठरवूनही न्यायालय म्हणालं की नंतर ब्रिटिशांनी पोर्तुगिजांना तिथले सार्वभौम मानून व्यवहार केला आणि भारतानेही गप्प राहून तेच चालवलं, म्हणून ते मान्य. सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीमुळे खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नाही. आणि १९५४ मध्ये वाट अडवून भारताने कर्तव्यभंग केला नाही.

सगळे मानतात म्हणून सार्वभौमत्व असतं. रचनावादावर एक अख्खं पुस्तक वाचण्यापेक्षा हा निकाल वाचावा.

दर्यावर्दी

छान माहिती. पण न्यायालयात कोण काय म्हणालं त्याने दादरा परत गेलं का? नाही. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये ज्यांनी घेतलं त्यांच्याकडेच राहिलं.

कुळागर

मग दर्यावर्दींच्या चालीने एक परीक्षा घेऊ. कृती सारखी, काळ वेगळा. जवळच्या भूभागावरचा जुना युरोपीय ताबा शेजारी देश सैन्याने संपवतो.

१ ऑगस्ट १९६१: दाहोमीने (आजचा बेनिन) पोर्तुगालचा आजुदाचा किल्ला घेतला. फारसं कोणाला काही वाटलं नाही.
डिसेंबर १९६१: गोवा. वर आलंच आहे.
७ डिसेंबर १९७५: इंडोनेशिया पूर्व तिमोरमध्ये. २२ डिसेंबरचा सुरक्षा परिषदेचा ठराव ३८४, सैन्य मागे घ्या, एकमताने.
२ एप्रिल १९८२: अर्जेंटिना फॉकलंडमध्ये. दुसऱ्याच दिवशी ठराव ५०२, बाजूने १०, विरोधात फक्त पनामा, तटस्थ ४. सोव्हिएत युनियन तटस्थ, व्हेटो नाही.

अर्जेंटिनाची भाषा भारताच्या १९६१ च्या भाषेची सख्खी बहीण होती: वसाहतीचा अवशेष, आमचीच जमीन. चालली नाही. कारण संकेत सरकला होता. १९६१ ला प्रश्न होता 'मालक परका आहे का', १९७५ नंतर झाला 'तिथल्या लोकांना विचारलं का'.

दर्यावर्दी

फॉकलंडच्या वेळी समोर ब्रिटन होता, अण्वस्त्रं आणि स्वतःचा व्हेटो असलेला. पोर्तुगालकडे दोन्ही नव्हतं. आणि तिमोर इंडोनेशियाने १९९९ पर्यंत ठेवलंच की. एकमताचा ठराव कागदावर राहिला.

कुळागर

ठेवलं, पण संयुक्त राष्ट्रसंघाने ते कधी इंडोनेशियाचं मानलं नाही, आणि शेवटी ३० ऑगस्ट १९९९ ला तिथे मतदान घ्यावं लागलं. ताबा आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताबा बंदुकीने मिळतो, मान्यता दुसऱ्यांकडून. ब्रिटनच्या बळाचा मुद्दा मात्र मान्य. चार प्रकरणांत बळ सारखं नाही, म्हणून ही तुलना शुद्ध नाही. प्रबंधात ही कबुली आधीच लिहायची, नाहीतर परीक्षक तिथेच धरतात.

दर्यावर्दी

बघा, एवढंच तर म्हणत होतो.

फोंड्याचा_मास्तर

शुद्ध तुलना हवी तर एकाच प्रकरणात काळ बदला. गोव्यातलं बळ १९६२, १९६८, १९७४ तिन्ही वर्षी तेच: भारताचा पूर्ण ताबा, पोर्तुगालची परत यायची शक्ती शून्य. तरी तेरा वर्षं लिस्बनच्या लेखी गोवा पोर्तुगीज प्रांतच होता. २५ एप्रिल १९७४ ला तिथली हुकूमशाही कोसळली आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे मारियु सुआरिश, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. इकडे काही बदललं नाही. बदललं ते पोर्तुगालचं 'आम्ही कोण' याचं उत्तर.

करारातली एक ओळ बारकाईने बघा. भारताचं सार्वभौमत्व आजपासून मान्य, असं लिहिलेलं नाही. हे प्रदेश भारतीय संविधानानुसार ज्या तारखांना भारताचा भाग झाले त्या तारखांपासून मान्य, असं आहे. बाराव्या घटनादुरुस्तीनुसार गोव्यासाठी ती तारीख २० डिसेंबर १९६१. तेरा वर्षांचं भांडण एका वाक्यात मागच्या तारखेने मिटवलं. वेंटच्या तीन पायऱ्या, धाकाने पाळणं, फायद्यासाठी पाळणं, योग्य वाटतं म्हणून पाळणं, यांतली पोर्तुगालची उडी पहिलीवरून थेट तिसरीवर दिसते.

दर्यावर्दी

आफ्रिकेतल्या तीन युद्धांनी तेरा वर्षांत देश पिळून काढला म्हणून सरकार पडलं. ते पोटाचं आणि रक्ताचं गणित आहे. ओळख नंतर आली.

फोंड्याचा_मास्तर

सरकार का पडलं, यावर तुमच्याशी सहमत. पण थकलेला देश गोव्याबाबत नुसता गप्प बसू शकला असता, मागच्या तारखेने सही करायची गरज नव्हती. दोन्ही कारणं एकापुढे एक लावता येतात, भांडायला नको.

आबोली

आता दुसरा प्रश्न. कामाचा क्रम साधारण असा ठेवा.

आधी संकेत एकच निवडा आणि एका वाक्यात लिहा. 'वसाहतवादविरोध' चालणार नाही, फार ढोबळ. 'समुद्रापलीकडचा, वंश-संस्कृतीने वेगळा प्रदेश हा त्या राष्ट्राचा प्रांत मानायचा नाही', हे चालेल. हे वाक्य डोक्यातून काढलेलं नाही, १५ डिसेंबर १९६० च्या ठराव १५४१ चं तत्त्व जवळपास तेच आहे. त्याच दिवशीच्या ठराव १५४२ मध्ये पोर्तुगालच्या प्रदेशांची यादी आहे आणि तीत गोवा नावानिशी आहे.

मग उलटी बाजू. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून 'वसाहती' हा शब्दच काढला, 'सागरपार प्रांत' केले, मंत्रालयाचंही नाव बदललं. १९५५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात गेल्यावर विचारणा झाली की सनदेच्या कलम ७३ खालचे अस्वशासित प्रदेश, म्हणजे जिथल्या लोकांच्या हाती स्वतःचा कारभार नाही असे, तुमच्याकडे आहेत का? उत्तर: नाहीत, आमच्याकडे प्रांत आहेत. नाव बदलून संकेताच्या तावडीतून सुटायचा हा प्रयत्न. तो १९५१ ते १९६० चालला आणि मग का चालेनासा झाला, हे शोधणं हाच प्रबंध.

वाचायचं काय? सुरक्षा परिषदेच्या ९८७ व ९८८ क्रमांकांच्या सभांची शब्दशः इतिवृत्तं. अकरा सदस्य आणि निमंत्रित भारत व पोर्तुगाल, एकूण तेरा आवाज. तेरा ओळींचा तक्ता करा. रकाने: कोणतं नाम वापरलं (आक्रमण, मुक्ती, वसाहत, प्रांत), कोणत्या कलमाचा किंवा ठरावाचा आधार घेतला, समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर दिलं की टाळलं. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी २(४) ला बगल दिली नाही. पोर्तुगालला तिथे सार्वभौम हक्कच नाही, मग सीमा कसली, असं ते म्हणाले. म्हणजे नियम मोडला असं नव्हे, नियम इथे लागू नाही असं. संकेताचा शोध अशा सफाईत घ्यायचा.

हाच तक्ता १९५०, १९५५ आणि १९७४ च्या कागदांवर करा. शब्द कधी बदलले ते आपोआप दिसेल.

खाजन

यात घसरायच्या जागा: संकेत वागणुकीवरून ठरवायचा आणि मग वागणूक त्याच संकेताने समजवायची. वर्तुळ. म्हणून संकेताचा पुरावा घटनेच्या आधीचा हवा. तो डिसेंबर १९६० चा आहे, इथे नशीब चांगलं. दुसरी, फक्त जाहीर भाषणं वाचणं. भाषणात सगळेच सद्गुणी. आतला पत्रव्यवहारही तीच भाषा बोलतो का ते बघायचं.

आबोली

आणि संकेत म्हणजे चांगलीच गोष्ट, हा भोळेपणा. 'सुसंस्कृत राष्ट्रांनी मागासांवर राज्य करावं' हाही एके काळी संकेतच होता, भक्कम रुजलेला.

रानभुली

उशिरा आले, पण सगळा धागा वाचल्यावर एक खटकलं. दिल्ली बोलली, लिस्बन बोललं, न्यूयॉर्क आणि हेग बोललं. गोवेकार कुठे आहे? वेंट राष्ट्राला एका माणसासारखं धरतो आणि आतलं सगळं बाहेर ठेवतो, ती उणीव इथे जशीच्या तशी उतरली आहे. गोव्यात पोर्तुगालचा युक्तिवाद अंगोलापेक्षा थोडा बळकट होता, कारण 'इंदिजेना'चा, म्हणजे मूळ रहिवाशांना नागरिकांपेक्षा खालचा दर्जा देणारा, वेगळा कायदा गिनी, अंगोला, मोझांबिकला होता, गोव्याला नव्हता. इथला माणूस कागदावर नागरिक होता. त्या नागरिकत्वाचं त्याने काय केलं, त्याला स्वतःला कोण म्हणवून घ्यायचं होतं, हे तेरा ओळींच्या तक्त्यात येणार नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हे विचारलं, तेव्हाही प्रश्न 'आपण कोण' हाच होता.

फेरीबोट

जनमत कौल काढलात, आता धागा पाचशे प्रतिसादांवर जाणार. संपादक, कुलूप तयार ठेवा.

फोंड्याचा_मास्तर

रानभुली, आक्षेप रास्त. कौलावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे एक जोड: मार्था फिनमोर आणि कॅथरिन सिकिंक यांची १९९८ ची मांडणी, संकेत उगवतो, पसरतो, रुजतो. उगवायला धडपडी माणसं लागतात. ती माणसं राष्ट्रांच्या आतली असतात. गोवेकरांचा आवाज त्या पहिल्या टप्प्यात शोधता येईल. ऑक्टोबर १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींवर भारतात परिषद भरली होती आणि आफ्रिकी पुढाऱ्यांनी तिथे भारताला बोल लावले होते. तिथून सुरुवात करा.

तिसवाडीकर

सगळ्यांचे आभार, दर्यावर्दींचे जास्त. विषय आता असा ठरवतोय: 'प्रांत की वसाहत: पोर्तुगालच्या एका शब्दाची दहा वर्षं, १९५१ ते १९६१.' मुक्तीवर वेगळं प्रकरण नाही, ती शेवटच्या प्रकरणात येईल. रानभुलींच्या मुद्द्यासाठी त्या काळातली इथली मराठी, कोंकणी, पोर्तुगीज वर्तमानपत्रं बघावी लागतील. पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयापासून सुरू करतो. पोर्तुगीज वाचणारं कोणी आहे का इथे?

दर्यावर्दी

मी वाचतो. पण सैन्यबळाचं एक प्रकरण घालणार असलात तरच.